सुपाआडचा फासा

माणसाचा मृत्यू कोणत्या बाजूनं येईल हे आधी सांगू शकणारे पुरुष जगात फार थोडे झाले असतील. त्यांपैकी एक चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये माझ्या खालच्या मजल्यावर राहत होते. ते हे शनिवारी दुपारी जेवणानंतर सांगत, आणि मधे कॉफीसाठी थांबत.

"तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहांत," रघोत्तमराव म्हणत. आवाज अगदी हलका. "आंत अंधार. कुठेंतरी पाणी ठिबकतें. आंत कोण बसलें आहे ठाऊक नाहीं. पण पायरी ओली आहे. पाहून घ्या."

आत कोण बसलंय याची आम्हाला फिकीर नसे. ओली पायरी म्हटली की आम्ही तिथंच थबकत असू. कारण त्या खेळात राक्षसाच्या हातून आमच्यापैकी कोणी कधीच मेलं नाही. माझा पहिला जादूगार गंजलेल्या कडीला हात लावून धनुर्वातानं गेला. दुसरा, प्रवासात शिदोरीतला शिळा दहीभात खाऊन. तिसऱ्यानं विहिरीच्या कठड्याला टेकून जरा विश्रांती घेतली. माझ्या ऑफिसातल्या बालाजीचा चोर तर खजिन्याच्या दालनापर्यंत पोचला होता. तिथं मशाल लावायला तो एका स्टुलावर चढला.

"स्टुलाला काय झालं होतं, सार?" बालाजीनं मरणोत्तर विचारलं.

"तें तूं चढण्याआधी विचारायचें होतें," रघोत्तमराव म्हणाले.

खेळ असा, की त्यात पट नाही आणि सोंगट्याही नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले शूर वीर होतात, आणि 'मी दार उघडतो', 'मी तलवार काढतो' असं बोलून दाखवतात. जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. आकडा मोठा तर तरलात, लहान तर गेलात. गोष्ट सांगणाऱ्यानं आपला फासा झाकून टाकायचा असतो. रघोत्तमराव तो तांदूळ पाखडायच्या सुपाआड टाकत.

ते विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्याच्या कामातून निवृत्त झाले होते. जळालेल्या गिरण्या, बुडालेली गोदामं, जिन्यावरून पडलेली माणसं यांत त्यांचा जन्म गेला. हा खेळही तिथलाच. बंदरावरच्या एका गोदामात पाणी शिरलं, भिजलेल्या मालाचा लिलाव झाला, आणि खेळाच्या या खोक्यावर कोणी बोली लावेना. रावांना रिकामी खोकी आवडत, म्हणून त्यांनी ते भरलेलं असूनही घेतलं. आतल्या जाड इंग्रजी पुस्तकात वीरांची अंगची शक्ती, औषधं आणि खजिने ही प्रकरणं पाण्यानं एकमेकांना कायमची चिकटली होती. राक्षस, सापळे आणि जखमा कोरड्या राहिल्या. उरलेले नियम रावांनी अनुभवातून भरले. त्यामुळे आमच्या जगात जादूचं औषध नव्हतं. टिटॅनस होता.

रावांचं घराणं तंजावरकडचं. पूर्वज कधी आले असं विचारलं तर परवाच्या गाडीनं उतरल्यासारखं सांगत. त्यांचं मराठी पेशव्यांच्याही आधीचं, चाल मात्र तमिळ. मी पहिल्या दिवशी त्यांना 'काका' म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "इथें काका म्हणजे कावळा. राव म्हणा." बालाजीसाठी खेळ अर्धा तमिळमध्ये, पाव इंग्रजीत चाले, इथे मी तो सगळा मराठीत देतो आहे.

चौथी खेळाडू म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला सगळे अक्का म्हणत. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचे यजमान गेले आणि तेव्हापासून भाऊ-बहीण एकत्र राहत होते. रावांनी लग्न केलं नाही. त्यातही काही धोके त्यांच्या ध्यानात आले असावेत. अक्काच्या वीरांगनेचं नाव वीरम्मा. अक्का सांबारासाठी छोटे कांदे सोलत बसे, आणि आम्ही दाराच्या बिजागऱ्यांची चौकशी करत असताना वर न बघता म्हणे, "मी आंत जातें. तुम्ही मागून या. कॉफी निवते."

आणि वीरम्मा आत जाऊन परत येई.

घरातही राव तसेच. गॅसची कळ बंद आहे ना हे पाहायला जिन्यातून परत फिरणारे. पंख्याखाली ते बसत नसत. चेन्नईच्या मे महिन्यात पंख्याखाली न बसणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. कोपऱ्यात घामानं निथळत ते आमच्या डोक्यांकडे काळजीनं पाहत आणि सुरू करत, "एक केस होती." हे शब्द आले की आम्ही कप टेबलाच्या काठावरून आत सरकवत असू. एकदा मी म्हटलं, "राव, रोज लाखो लोक जिना उतरतात. काही होत नाही."

"काहीं झालें नाहीं, असा क्लेम आम्हांकडे कधी कोणी केला नाहीं," ते म्हणाले.

हे हसण्यावारी नेणं सोपं होतं, पण काही महिन्यांत मी मांबलम स्टेशनच्या पुलावर कठड्याला धरून चालू लागलो. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात सहाव्या मजल्यावर जायची लिफ्ट सोडून जिना धरला, आणि मग जिन्याचाही भरवसा वाटेना. मी सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहीत असे. त्यांत मी 'सावधान' हा शब्द इतक्या ठिकाणी घातला की साहेबांनी घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं.

बालाजी त्याच ऑफिसात टेस्टर होता. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, हे त्याचं काम. एके दिवशी जिन्यात तो मला म्हणाला, "तू पाच वेळा मेलास. मी सहा. अक्का एकदाही नाही. फासा असं करत नाही."

"सार फसवतात म्हणतोस?"

"बग आहे म्हणतो," बालाजी म्हणाला.

पुढच्या शनिवारी वीज गेली होती. वीरम्मा खोल दरीवरच्या दोरांच्या पुलाच्या मध्यावर होती. "दोर जुना आहे," राव सांगत होते. "एक पीळ उसवला. अक्का, तुला खालचें पाणी ऐकूं येतें." मला खरोखरच ऐकू येत होतं. बालाजीनं खुर्चीचे हात घट्ट धरले होते. रावांनी फासा टाकला. त्याच क्षणी वीज आली, पंखा जोरात फिरला आणि सूप आडवं झालं.

फासा उघड्यावर आला. आकडा होता दोन.

रावांचा चेहरा सरळ फाशाकडे होता. ते म्हणाले, "चौदा. वीरम्मा पार झाली."

आम्ही तिघंही पाहत होतो. "सार," बालाजी हळू म्हणाला, "दोन आहे."

रावांनी चाचपडत सूप उभं केलं. मग म्हणाले, "हो. फसवीत होतों."

अक्कानं कांदा सोलणं थांबवलं नाही. "फसवायला आधी दिसावें लागतें, रघू," ती म्हणाली.

त्या दुपारी खेळ पुढे झाला नाही. रावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावा जवळजवळ गेला होता, उजवा त्याच्या मागोमाग चालला होता. राव आम्हाला पावलांवरून ओळखत होते. अक्कानं त्यांना मुद्दाम कालचा पेपर दिला, तरी त्यांनी तो शेवटच्या पानापर्यंत उलटला, तेव्हा तिला कळलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जितका उशीर तितकं ऑपरेशन अवघड, आणि फार उशीर झाला तर डोळ्याची खात्री नाही. हे ऐकून ते घरी आले आणि दुसऱ्या शनिवारी आम्हाला खेळातल्या दलदलीत घेऊन गेले.

"पण भीती कसली, राव?" मी विचारलं. "हल्ली सगळेच करतात."

 "पोटाची केस होती. पायाची होती. कानाचीसुद्धां एक होती. डोळ्याची एकही माझ्याकडे आली नाहीं." त्यांनी हात मांडीवर पुसले. "आंत काय काय होऊं शकतें, हेंच मला ठाऊक नाहीं."

अक्कानं तारीख ठरवून टाकली. आठवडाभर ते जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. रात्री खालून त्यांच्या फेऱ्या ऐकू येत. भिंत, दार, भिंत. एका सकाळी ते जिना चढून माझ्या दाराशी आले. एकटे, कठडा धरून. चेहरा पांढरा पडला होता.

"या शनिवारी सूप तूं धर," ते म्हणाले. "मी आंत जातों. आधी एकदा जाऊन येऊं दे."

मी इस्पितळात जाऊन मिळेल ते विचारून आलो. शनिवारी मी सुपामागे बसलो, आणि राव आयुष्यात पहिल्यांदा खेळाडूंच्या बाजूला. घसा साफ करून मी म्हणालो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात."

"कोणती गुहा?"

"इस्पितळ."

"पायरी?"

"कोरडी. कठडाही आहे."

"मधेंच वीज गेली तर?"

"जनरेटर आहे."

"डिझेल कोणी पाहिलें?"

"मी पाहिलं," मी म्हणालो. खरंच पाहिलं होतं. तिथला वॉचमन अजूनही मला ओळखत असेल.

इतकी भित्री व्यक्तिरेखा त्या घरात आजवर कोणी खेळली नव्हती. आम्हाला वर्षभर दऱ्यांवरून चालवणारा हा माणूस पहिल्या दारापासून हलेना. चप्पल काढायची जागा, डॉक्टरांच्या हाताची नखं, शिंक आली तर काय, सगळं विचारून झालं. कॉफी निवली. बालाजीचा कप रिकामा झाला, अक्काचे कांदे संपले, राव दाराशीच. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो उकाड्याचा नव्हता.

"मी येऊं का बरोबर?" अक्का म्हणाली.

"तूं नको."

मला पुढे काय करावं सुचेना, म्हणून जे ते आम्हाला प्रत्येक गुहेपाशी विचारत तेच विचारलं. "वीरा, आत कशासाठी जायचं आहे?" आम्ही नेहमी खजिना म्हणत असू.

राव सुपाच्या दिशेनं पाहत राहिले. "माझी बहीण आहे. मजहून थोरली. तिचें सगळें शेवटपर्यंत मीं करायचें, असें मनांत ठरविलें आहे. मला दिसेनासें झालें तर या वयांत ती माझें करीत बसेल. आणि तिची वेळ येईल तेव्हां मी भिंत धरून तिला शोधीत असेन." ते थांबले. "तेवढ्यासाठीं."

 अक्कानं सालींची ताटली उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली. "हेतु फार मोठा सांगितलास," ती म्हणाली. "फासा टाका."

मी टाकला. चार पडले. कोरडी पायरी, जनरेटर, टाकीभर डिझेल, आणि चार. बालाजी माझ्या बाजूला होता, त्यानं पाहिलं. चुका दाखवायचा त्याला पगार मिळत असे. तो खिडकीबाहेर बघू लागला.

"एकोणीस," मी म्हणालो.

 रावांच्या ओठांची एक बाजू किंचित हलली.

"एकोणीस सांगूं नये," ते म्हणाले. "पटत नाहीं. मी अक्काला कधी चौदाच्या वर दिला नाहीं."

"दिसत नव्हतं म्हणून अंदाजानं सांगत होता ना?" मी विचारलं.

"आतां अंदाजानें. आधी पाहून, आंकडा बदलून. पहिल्या दिवसापासून." ते अक्काकडे वळले नाहीत. "तिच्या घरीं एक मरण झालें, तेवढें पुरे होतें."

"ठाऊक आहे," अक्का म्हणाली. "म्हणून तर मी पुढें जात असें."

रावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.  "चौदा लिही," शेवटी ते मला म्हणाले. "मी आंत जातों."

ठरलेल्या दिवशी आम्ही चौघं ऑटोनं गेलो. इस्पितळाच्या बाकावर रावांनी माझं मनगट असं धरलं होतं की घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला. संमतीपत्र त्यांनी अक्काकडून मोठ्यानं वाचून घेतलं, काही कलमं दोनदा, आणि एका वाक्यावर हरकत नोंदवली. नर्सनं हाक मारली तेव्हा ते उठले, बसले, पुन्हा उठले. दाराशी त्यांनी पायानं उंबरठा चाचपला. मग आत गेले. दार मिटलं आणि आम्ही तिघंही, कोणी कोणाकडे न बघता, उभेच राहिलो.

संमतीपत्र वाचायला जितका वेळ लागला, त्याच्या निम्म्या वेळात ऑपरेशन नीट पार पडलं. या सगळ्यात ज्यांचा नंबर लांबला त्या आजीबाई शेजारच्या बाकावर डब्यातली इडली खात बसल्या होत्या. त्या तांबरमहून बसनं एकट्याच आल्या होत्या, दुसऱ्या डोळ्यासाठी.