भ्रूण फेरीवर गेले

काडीएवढी पिवळी नळी. सरळगावात सकाळपासून हंबरणारी गाय. मुंबईहून निघालेली पांढरी गाडी. भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, हा नियम.

२००६ सालच्या एका सकाळी हे सगळं एकाच गोठ्यात भेटणार होतं.

मुरबाडच्या डॉक्टर माधुरींकडे जोडप्यांनी मूल झाल्यावर उरलेले भ्रूण संशोधनासाठी दिले होते, नवरा-बायको दोघांच्या संमतीने. संशोधनाच्या जागेला परवानगी द्यायला आज मुंबईहून समिती येणार होती. आणि नेमका पहाटे भ्रूण गोठवून ठेवलेला कॅन फुटला. आतला द्रव नायट्रोजन वाफ होऊन उडू लागला. गावात तसला दुसरा कॅन एकच, गाईंना रेतन करणाऱ्या नथूचा. माधुरींनी नथूला कॅन घेऊन बोलावलं, भ्रूणांच्या आपल्या पिवळ्या नळ्या वळूंच्या रेताच्या निळ्या नळ्यांशेजारी ठेवल्या आणि नव्या कॅनसाठी फोन करायला आत गेल्या. परतल्या तर नथू नाही, कॅनही नाही.

समिती दारात उभी.

"भ्रूण दाखवा," प्रमुख सबनीस म्हणाले.

"ते... फेरीवर गेलेत."

"कुणाबरोबर?"

"नथूबरोबर. सरळगावच्या बाईजाची गाय माजावर आलीय म्हणून त्याला निरोप होता."

सबनीसांनी गाडीचं दार उघडलं. "बसा."

बाईजाच्या गोठ्यात अंधार होता. कोमट पाण्याच्या तांब्यावर नथूने चिमट्यात नळी धरलेली.

"आटप ना रे नथू! गाय काय दिवसभर थांबंल?" बाईजा म्हणाली.

"नथू, थांब!" माधुरी दारातून ओरडल्या. "कुठली नळी ती?"

"गोठ्यात सगळ्या काळ्याच दिसतात, बाई."

"टाक परत!"

दचकून नथूने नळी कॅनमध्ये सोडली. वाफेचा लोट उठला.

"आता काय गो?" बाईजा भडकली. "माझी गाय तुमच्या परवानगीला थांबायची नाय!"

अंगणात, उजेडात, नळ्या तपासल्या. पिवळी एकही कमी नव्हती.

"निळीच धरली होती मी," नथू म्हणाला. "आईशपथ."

माधुरींनी मान खाली घातली. "भ्रूण जागेबाहेर गेले, साहेब. नियम मोडला."

"परवानगी असलेल्या जागेबाहेर न्यायला बंदी आहे," सबनीस म्हणाले. "तुमच्या जागेला परवानगी आहे?"

"आज मिळणार होती."

"मग मोडला कुठे? अजून लागूच नाही."

संध्याकाळी परवानगी मिळाली. चौदा दिवसांच्या नियमाखेरीज अट एकच, नथूचा कॅन पुन्हा आणायचा नाही.

गोठ्यात नथूच्या चिमट्यातली नळी पिवळी होती.