नवसाला पावणारे दोन आन्सेल्मो

“आता जेवण,” दोन आन्सेल्मो म्हणाले आणि त्यांनी बर्फात बसकण मारली.

आमच्याकडे चार माणसांत वजन असलेल्या पुरुषाच्या नावाआधी ‘दोन’ लावतात. हे गृहस्थ एकच होते. निदान त्या दुपारपर्यंत तरी एकच होते.

सकाळपासून निबाल्दो त्यांना पुलापासून वर घेऊन येत होता. स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून चढायचं, डोंगरमाथ्याखालच्या लाकडी खोपटात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवसापासून कोणीच न तुडवलेल्या उतारांवरून घसरत यायचं, असा बेत होता. दोन आन्सेल्मोंना चढ पसंत नव्हता, वारा पसंत नव्हता, आणि निबाल्दोनं मोठ्या प्रेमानं पुढे केलेला माते, म्हणजे आमचा पाल्याचा चहा, त्यांनी एका घोटात “कडू आहे” म्हणून परत केला होता. तरी निबाल्दो हसत होता. न हसून करतो काय? राजधानीतल्या, सांतियागोच्या, सहल कंपनीनं साहेबांना खोरं बघायला पाठवलं होतं. त्यांनी मान डोलावली तर हिवाळाभर कंपनीच्या टोळ्या येणार आणि निबाल्दो घरी राहणार. नाही डोलावली, तर उत्तरेच्या तांब्याच्या खाणी होत्याच. त्याचा बाप तिकडे गेला होता आणि येताना खोकला घेऊन आला होता. त्या खोकल्याच्या उशाशी बसून आई एर्मिंदानं नवरा घालवला होता. आता पोरगा जातो की काय, या धास्तीनं तिला अन्न गोड लागत नव्हतं.

“जेवण पुढच्या वळणावरच आहे, साहेब,” निबाल्दो म्हणाला. “एप्रिलमध्येच ठेवून गेलोय. खास तुमच्यासाठी.”

“एप्रिलमधलं जेवण?”

“डब्यातलं, साहेब. डब्यातलं.”

त्याचं असं होतं, की बर्फानं रस्ता बंद झाला की गावच्या दुकानात मीठ आणि खिळे एवढंच उरतं. म्हणून निबाल्दोनं बर्फ पडायच्या आधीच शिंपल्यांचे डबे, सुकं मांस, चीज, बिहीच्या फळांच्या वड्या, कॉफी आणि लाल वाइनच्या बाटल्या आणून एका पेटीत भरल्या. पेटी बांधताना त्यानं भारी डोकं चालवलं. बर्फ साचू नये म्हणून वर उतरतं छप्पर. उंदीर चढू नयेत म्हणून खाली दगडांचा ओटा. घरात पांढरा रंग उरला होता, तो फासला. बर्फात लांबून दिसावी म्हणून दोन जुन्या स्की घेतल्या आणि एक उभी, एक आडवी, अशा वर ठोकल्या. आमच्या खोऱ्यात नाव घातलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही, म्हणून समोर काळ्या रंगानं ठळक लिहिलं: ‘दोन आन्सेल्मो उरेता. ऑगस्ट.’ ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, साहेब तेव्हाच येणार होते. आणि मग स्वारी साहेब येईपर्यंत मोठ्या स्की केंद्रावर पर्यटकांच्या पायात बूट चढवायला निघून गेली.

आता आमच्याकडचं कोणतंही शेंबडं पोर सांगेल, की वळणावर छोटंसं पांढरं घर, वर क्रूस, खाली नाव आणि महिना, म्हणजे काय ते. माणूस अपघातानं जिथं जातो तिथं त्याच्या आत्म्यासाठी असं घरकुल बांधतात, मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात. निबाल्दोनं स्वतः जन्मभर अशा घरकुलांपुढे टोपी काढली होती. पण स्वतःच्या हातानं बांधताना पठ्ठ्याच्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही!

वळण आलं. सगळ्यात आधी सामानाची घोडी थांबली. मग तिच्यावरून तिचा मालक, खालच्या गावचा कुस्तोदियो उतरला, त्यानं टोपी काढली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. निबाल्दो जागच्या जागी खिळला. त्याच्या पेटीभोवती निळ्या रंगाचं कुंपण झालं होतं. प्लास्टिकच्या गुलाबांचे हार, वाऱ्यावर गरगरणाऱ्या भिंगऱ्या, मेणाचे ओघळ आणि ठिकठिकाणी खिळ्यांनी ठोकलेल्या पाट्या: ‘आभार, दोन आन्सेल्मो.’ ‘उपकार झाले, दोन आन्सेल्मो.’

“हे काय आहे?” दोन आन्सेल्मो ओरडले.

“हळू बोला, साहेब,” कुस्तोदियो म्हणाला. निबाल्दो वाटभर नुसतं ‘साहेब, साहेब’ करत होता, त्यामुळे पाहुण्याचं नाव काय हे त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. “दोन आन्सेल्मोंची जागा आहे ही. राजधानीचे होते बिचारे. इथंच गेले.”

“मी कधी गेलो?”

“तुम्ही नाही हो, ते. गेल्या ऑगस्टात गेले. स्की करताना. अंगानं भारी होते, बर्फाला पेललं नाही.”

“भारी होते हे कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? हलके असते तर वरच राहिले असते ना! पण गेल्यावर फार कडक निघाले. नवसाला पावतात. ही माझी घोडी पोटदुखीनं आडवी पडली होती. एक मेणबत्ती बोललो, तर तासाभरात उठून माझ्याच जाकिटाची बाही खाल्ली हिनं.”

दोन आन्सेल्मोंनी निबाल्दोकडे बघितलं. निबाल्दोनं घोडीकडे बघितलं. घोडीनं काही मदत केली नाही.

“कुस्तोदियो,” निबाल्दो घसा खाकरून म्हणाला, “अरे, ही पेटी मी बांधलीय.”

कुस्तोदियोचे डोळे भरून आले. “तू होय रे! गावात सगळे कधीपासून विचारतायत, हे कोण्या पुण्यवानाचं काम म्हणून. म्हणजे ते तुलाच सापडले?”

“मला कोणी सापडलं नाही! आत शिंपले आहेत!”

कुस्तोदियोनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “होतं असं. धक्का बसतो. माझ्या मेव्हण्यानं नदीतून प्रेत काढलं ना, तेव्हा तोपण आठवडाभर असंच काहीबाही बोलायचा.”

भुकेनं दोन आन्सेल्मोंचा तोल गेला. त्यांनी हातमोजा दातांनी ओढून काढला, खिशातून ओळखपत्र काढलं आणि कुस्तोदियोच्या नाकासमोर धरलं. “वाच! आन्सेल्मो उरेता कोण आहे? मी आहे! उघड ती पेटी!”

कुस्तोदियोनं सावकाश वाचलं. मग पेटीवरचं नाव वाचलं. मग पुन्हा ओळखपत्र. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, कारण आता खरोखरच दोन आन्सेल्मो झाले होते, एक मेलेले आणि एक भुकेलेले. पण आमच्या खोऱ्यातला माणूस असा घोळात फार वेळ राहत नाही, काहीतरी अर्थ लावून मोकळा होतो.

“भाऊ!” तो म्हणाला आणि त्यानं दोन आन्सेल्मोंना कडकडून मिठी मारली. “भाऊ आहात तुम्ही त्यांचे! आणि आम्ही समजत होतो, बिचाऱ्याच्या मागे कोणीच नाही.”

“भावाभावांचं नाव एकच कसं असेल?” दोन आन्सेल्मो मिठीतूनच गुरगुरले.

“मोठ्या घराण्यात असतं तसं. आजोबांचं नाव सगळ्यांनाच देतात. थांबा, गावाला कळवतो!”

“अरे, सामान! सामान तरी उतरव!” निबाल्दो ओरडला. पण कुस्तोदियो झोपायच्या पिशव्या, स्टोव्ह आणि साहेबांचे कोरडे मोजे यांच्यासकट घोडी फेकत खालच्या गावाकडे निघालासुद्धा.

थोडा वेळ नुसत्या भिंगऱ्या फिरत होत्या.

“निबाल्दो,” दोन आन्सेल्मो थंड आवाजात म्हणाले, “मी या धंद्यात आयुष्य काढलं. वाटाडे चुकलेले बघितले, खोपटं उडालेली बघितली. पण पाहुण्याला आधी पुरून मग जेवायला बोलावणारा वाटाड्या पहिल्यांदाच बघतोय.”

निबाल्दोला खाणीचा भोंगा ऐकू यायला लागला. त्यानं चाकूनं दाराचे खिळे काढले. आत सगळं जसंच्या तसं होतं. आत्म्याच्या घरातलं चोरायची आमच्याकडे कोणाची छाती आहे? दोन आन्सेल्मोंनी स्वतःच्याच घरकुलाच्या ओट्यावर ठाण मांडलं, शिंपल्यांचा डबा फोडला आणि खाता खाता पाट्या वाचायला सुरुवात केली.

“‘नवऱ्यानं दारू सोडली. आभार.’ हे मी केलं?”

“असं म्हणतात, साहेब.”

“‘दाढ ठणकायची थांबली.’ दाढपण माझ्याकडेच?”

“बहुतेक, साहेब. चीज घ्या.”

“ऑफिसात माझ्या नावानं लोक बोटं मोडतात,” दोन आन्सेल्मो तोंड भरलेलं असताना म्हणाले. “मेणबत्ती लावणारं हे पहिलंच गाव.” आणि त्यांनी आणखी एक डबा उघडला.

उन्हं कलेपर्यंत डब्यामागून डबा फुटला, आणि शेवटचा अर्धा संपतो न संपतो तोच वळणाखालून गाणं ऐकू आलं. अख्खं गाव मेणबत्त्या, गिटार आणि टोपांमधून वाफाळणारा रस्सा घेऊन वर येत होतं. सगळ्यांत पुढे कुस्तोदियो आणि त्याच्या मागे काळी शाल पांघरलेली एर्मिंदा. निबाल्दोनं पेटीचं दार लावायचा प्रयत्न केला, पण दार त्याच्या हातातच आलं. गाव थांबलं. समोर दिवंगताच्या सख्ख्या भावाच्या एका हातात नैवेद्याचा डबा, दुसऱ्या हातात बाटली आणि हनुवटीवर तेलाचा ओघळ! गाणं मध्येच बंद पडलं.

“खाऊ द्या त्यांना,” एर्मिंदा म्हणाली. “दुःखात माणसाला जास्त भूक लागते. माझे हे गेले तेव्हा मी अख्खी कोंबडी खाल्ली होती.”

सगळ्यांना ते पटलं. लगेच रश्श्याच्या वाट्या भरल्या गेल्या, तळलेल्या भोपळ्याच्या पुऱ्या निघाल्या. एर्मिंदानं लेकाचा कान धरला. “आणि तू रे? भावाला घेऊन आलास, चांगलं केलंस. पण तो कंपनीचा साहेब कुठं आहे?”

“येतोय,” निबाल्दो म्हणाला. “मागून.”

“या थंडीत त्याला एकट्याला मागे सोडलंस? गेली तुझी नोकरी!”

तेवढ्यात लोक एकेक करून सांत्वनाला पुढे यायला लागले. कोणी हात हातात घेतले, कोणी खांद्यावर डोकं ठेवून रडलं. दोन आन्सेल्मो आधी चिडले, मग गोंधळले, मग रस्सा बरा लागला म्हणून गप्प बसले.

“मुलंबाळं किती त्यांना?” एका म्हातारीनं विचारलं.

“एकही नाही. लग्नच नाही केलं त्यानं.”

“अगं बाई! का हो?”

दोन आन्सेल्मोंनी पुरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. “तोंडाचा फार कडू होता. कोणी जवळ यायचंच नाही.”

“छे, छे! भाऊ असून असं काय बोलता?” कुस्तोदियो तावातावानं म्हणाला. “इतका मनानं मऊ माणूस! माझ्या घोडीला विचारा!”

“नाही, तसा...” दोन आन्सेल्मोंनी नाक पुसलं. “तसा वाईट नव्हता तो.” आणि त्यांना एकाएकी इतकं भरून आलं, की निबाल्दोला त्यांच्या हातातली वाटी धरावी लागली.

सगळ्यांचं झाल्यावर एर्मिंदा पुढे आली. तिनं मेणबत्ती लावली, बर्फात गुडघे टेकले आणि मोठ्यानं बोलायला लागली. आमच्याकडे नवस मनात बोलत नाहीत. मेलेल्या माणसाला मनातलं कसं ऐकू येणार?

“दोन आन्सेल्मो, आजवर मी तुम्हाला काही मागितलं नाही. इतरांना लागत होतं, त्यांना देऊ दिलं. आज मागते. राजधानीतून एक साहेब येतोय. भलता आंबट आहे म्हणतात, त्याला कश्शाचंच कौतुक नाही.”

“आई,” निबाल्दो कळवळून म्हणाला.

“गप रे. देवमाणसाशी खोटं बोलू नये. दोन आन्सेल्मो, त्या माणसाच्या डोक्यात थोडा उजेड पाडा. तो ‘हो’ म्हणाला तर माझा निबाल्दो घरी राहील. माझ्या नवऱ्याला तांब्यानं खाल्लं. रात्र रात्र खोकायचा, आणि मी काही करू शकले नाही. पुन्हा त्या खोकल्याशेजारी बसायचं बळ माझ्यात नाही. एवढं करा. जिवंत आहे तोवर तुमचा ओटा झाडीन.”

निबाल्दो मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिला. झालं, संपलं, असं त्याच्या मनात आलं. एर्मिंदानं शालीनं डोळे पुसले आणि शेजारी बसलेल्या पाहुण्याच्या दंडावर हात ठेवला.

“तुम्ही सख्खे भाऊ. तुमचं ऐकतील ते. तुम्हीपण एक शब्द टाका ना माझ्यासाठी.”

दोन आन्सेल्मोंनी वाटी खाली ठेवली. टोपी काढली. कण्हत, एक एक करत दोन्ही गुडघे बर्फात टेकले आणि स्वतःच्या नावासमोर तोंड करून डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते. मध्येच त्यांनी मान हलवली, काहीतरी पुटपुटले, पुन्हा मान हलवली. अख्खं गाव बघत होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. “हो म्हणाला,” ते म्हणाले.

“आत्ता?” एर्मिंदाचा विश्वास बसेना. “बाकीच्यांना दिवसच्या दिवस थांबवतात ते!”

“घरचं माणूस मध्ये असलं की लवकर होतं, मावशी,” दोन आन्सेल्मो म्हणाले आणि उठायला त्यांनी निबाल्दोकडे हात मागितला.