मागचा पिस्टन

मुलांनो, आमच्या बसवनगुडीतले शेजारी गोपाळअण्णा कॉफी उभ्यानेच पितात. आग्रहाने बसवलं, तर दोन घोटांत उठून खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने आमच्या दाराची बिजागरी आवळू लागतात. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली; हात निवृत्त व्हायला तयार नाहीत. एकदा त्यांनी माझ्या चमच्यांच्या खणाला ग्रीस लावलं. "स्वल्प करकरत होता, अक्का." आठवडाभर आमच्या उपम्याला ग्रीसचा वास होता.

त्यांची एक जुनी परदेशी गाडी आहे. कारखान्यातला कुणी परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना त्यांना विकून गेला. आता मुलाने अमेरिकेतून फोनवर ठरवून टाकलं, सत्तरीत गाडी नको, विका. रविवारी चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. तीन वाजता अण्णांनी मागचं चाक काढलं.

"ब्रेकचे पॅड झिजलेत. अशी गाडी कुणाला द्यायची नाही," म्हणाले, आणि गाडीचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं. "मोठ्याने वाचा."

मी वाचलं. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन आत न्यावा लागतो. पुढचा नुसता दाबला की जातो. मागच्याच्या आत हँडब्रेकचा स्क्रू असतो, म्हणून तो दाबत दाबत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायचा.

अण्णा फिरवत, घाम पुसत, उठून अंगणात फेरी मारत, पुन्हा फिरवत. चार वाजता पुण्याहून इथे नोकरीला आलेला एक तरुण हजर झाला.

"काका, गॅरेजला देऊ या ना."

"गॅरेजवाले जोर लावून मोडतात. थांबा जरा, सरी? चालेल ना?"

तो तासभर थांबला, मग "मला अजून एक गाडी बघायची आहे" म्हणून गेला.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही मघापासून उलटं फिरवताय."

"ठाऊक आहे, अक्का."

पुढच्या अर्ध्या तासात पिस्टन आत, पॅड जागेवर, चाक बसलेलं.

"चला, ब्रेक बघून येऊ."

त्यांच्या शेजारची सीट इतकी पुढे होती की माझे गुडघे समोर टेकले. सरकवायला मी हात खाली नेला.

"तेवढी असू द्या," अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले. "सुमतीचे पाय पोचत नाहीत."

त्यांची बायको सुमती जाऊन दोन वर्षं झाली. गांधी बाजारापर्यंत मी गुडघे तिरके करून बसले.