जाधव बाईंच्या दोन चाळी

जाधव बाई कुणाकडेही गेल्या तरी खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघतात. आमच्या सोसायटीतल्या एका साखरपुड्यात त्यांनी आधी स्वतःची, मग शेजारच्या दोघींची आणि शेवटी नवऱ्या मुलाची खुर्ची हलवून पाहिली. मुलाची आई काही बोलायच्या आत म्हणाल्या, "हलतंय म्हणजे सांगतंय." मुलाला दुसरी खुर्ची मिळाली.

बाई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. सायखेड्याच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत शिकवतात. कार्यानुभवाच्या तासाला इतरत्र कागदाची फुलं होतात. बाईंच्या वर्गात वापरायच्या वस्तू होतात, आणि त्या वापरून, म्हणजे बहुतेक वेळा मोडून, तपासल्या जातात. उत्तर मात्र त्या मुलांना कधीच सांगत नाहीत. "मी सांगितलं तर ते माझं होईल," असं त्यांचं म्हणणं. याचा त्रास मुलांना होत नाही. बाईंना होतो. उत्तर माहीत असून गप्प बसावं लागल्यामुळे त्यांना झोप लागत नाही, आणि मग सकाळी त्या आमची बेल वाजवतात.

गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी तिसरीच्या वर्गाला कांदे साठवायची छोटी चाळ करायला लावली. मुलं शेतकऱ्यांची, खरी चाळ रोज बघणारी. तरी दोन गट पडले. एका गटाने बांबूच्या कामट्यांची चाळ केली आणि ती छान दिसावी म्हणून चारी बाजूंनी चकचकीत कागद चिकटवला. मुख्याध्यापकांनी तिचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या गटातल्या पायल नावाच्या मुलीने फटी तशाच ठेवल्या, तळही जमिनीपासून उचलून घेतला, आणि स्वतःचं हसं करून घेतलं. पायलची चाळ उघडी हाय, असं पोरं तिला चिडवत राहिली. ती भांडली नाही. बाईंना एवढंच म्हणाली, "कांदाच सांगंल."

दोन्ही चाळींत कांदे भरले आणि शाळेला सुट्टी लागली. बंद शाळेत त्यांच्याकडे बघणार कोण? बाई एक चाळ मांडीवर आणि दुसरी पायाशी ठेवून बसने नाशिकला घेऊन आल्या.

मे महिना आमच्या मजल्याने कांद्याच्या वासात काढला. बाईंची काळजी दुहेरी होती. दोन्हीकडचे कांदे टिकले तर मुलं काय शिकणार? दोन्हीकडचे सडले तर पायलचं काय? वळीव आला की त्या गॅलरीत छत्री धरून उभ्या राहत. छत्री दोन्ही चाळींवर सारखीच धरायची, म्हणून स्वतः भिजत. अधूनमधून मला वास घ्यायला बोलावत. "भाऊ, तुम्ही बातमीदार. पक्षपात करू नका."

जूनमध्ये चकचकीत चाळीतून सडक्या कांद्यांचं पाणी गळायला लागलं. बाईंचा चेहरा मात्र उतरलेलाच. पायलच्या चाळीतही एक कांदा, नेमका समोरचा, काळा पडून मऊ झाला होता. शाळा उघडायला आली होती.

मी म्हटलं, काढून टाका, कुणाला कळणार आहे?

बाई म्हणाल्या, "काढला, तर चाळ माझी होते. ठेवला, तर पोरं तिला जगू देणार नाहीत."

त्यांनी तो ठेवला.

पुढचं त्यांनी शाळा उघडली त्या संध्याकाळी सांगितलं. चकचकीत चाळ उघडताच पोरं नाक धरून वर्गाबाहेर पळाली. परत आल्यावर त्यांतल्या एकाला पायलचा काळा कांदा दिसला. "बाई, हिचाबी सडलाय."

पायलने तो बाहेर काढला, उलटा करून बघितला. "ह्यो भरतानाच दबलेला व्हता. म्या नीट निवडला नाय. बाकीचे बघा."

बाकीचे खडखडीत होते. ते एकेक हातात घेऊन झाल्यावर कागद चिकटवणारी पोरं आपण होऊन आपल्या चाळीवरचा कागद सोलायला बसली.

"मी एक शब्द बोलले नाही, भाऊ," बाई म्हणाल्या.

चहा झाला. बाई उठेनात. गॅलरी मोकळी झाली, आता निवांत झोप लागेल, असं मी म्हणालो. त्यावर त्या सांगू लागल्या, की या पोरांना चौथीत काय करायला लावायचं याचा विचार चालू आहे. वस्तू अजून ठरलेली नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत ती कुणाच्या तरी घरी ठेवावी लागेल, अशी हवी.

"रोज उठून बघावं लागेल, अशी," त्या म्हणाल्या.