लाईक म्हंजे मागणी चिठ्ठी

आमच्या शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की मी त्याला एकच गोष्ट सांगतो. बाकी सगळं हळूहळू कळेल, पण तायडे सरांच्या पोस्टला चुकूनही लाईक करू नका.

नववीतल्या ओंकारनं केलं होतं. बिचारा जेवता जेवता मोबाईल बघत होता, अंगठा लागला. दुसऱ्या दिवशी माझा मराठीचा तास चालू असताना दार उघडलं. आमचे ग्रंथपाल तायडे सर एका काखेत रजिस्टर आणि दुसऱ्या काखेत चारशे पानांचं पुस्तक घेऊन उभे होते.

"ओंकार कोन हाये? उभा राय. काल संध्याकाळी सात वाजून बारा मिन्टांनी तू लाईक केलं. हे घे, सही कर."

"सर, थे चुकून झालं."

"चुकीचा रकाना रजिस्टरात नाही. नोंद झाली, आता पुस्तक न्याच लागन."

ओंकारनं सही केली आणि जमिनीतल्या पाण्याच्या पातळीवरचा तो ग्रंथ पंधरा दिवस दप्तरात वाहिला. आमच्या वर्गात सर्वांत मजबूत खांदे आज त्याचेच आहेत.

तायडे सर मूळचे अकोल्याचे. नोकरीसाठी चांदूर बाजारला आले आणि बसस्टँडमागच्या एका खोलीत एकटेच राहतात. खिशाला दोन पेन, एक निळा नि एक लाल. कपाटांच्या किल्ल्या कमरेच्या करदोट्याला. ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकाला त्यांनी स्वतःच्या हातानं खाकी कव्हर घातलंय, त्यामुळे कोणतं पुस्तक कोणतं हे फक्त त्यांनाच कळतं. पुस्तकांची नावंही ते घेत नाहीत, दाखल क्रमांक सांगतात. "अठराशे चार वाचा जी. मी तं रडलो होतो," असं ते मला एकदा म्हणाले. मी मराठीचा शिक्षक. अकरा वर्षांत त्यांच्याकडून एकही पुस्तक नेलं नव्हतं. अठराशे चारही नाही.

त्यांची दुसरी सवय अर्ज देण्याची. पंखा आवाज करतो, अर्ज. खिडकीत चिमणीनं घरटं केलं, अर्ज, आणि पिल्लं उडून गेल्यावर आधीचा अर्ज रद्द समजावा म्हणून आणखी एक अर्ज. मुख्याध्यापिका राऊत मॅडम ते सगळे शिक्षकांमध्ये वाटून टाकत. माझ्या वाट्याचे मी टेबलाच्या खालच्या खणात ढकलत असे. वाचायची गरज वाटली नाही.

तर जूनमध्ये राऊत मॅडम अमरावतीहून एक प्रशिक्षण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, शाळेला डिजिटल वर्ग पाहिजे. रिकामी खोली एकच, ग्रंथालयाची. ती रिकामी नव्हती, तिच्यात नऊ कपाटं आणि तायडे सर होते, पण पोरं नव्हती हे खरं. कारण पुस्तक नेलं की खराब होतं, अशी सरांची श्रद्धा होती, आणि पोरांनी ती कधी दुखावली नाही.

"दिवाळीपर्यंत या खोलीत मुलं दिसली नाहीत, तर कपाटं व्हरांड्यात," मॅडम म्हणाल्या. "आजकालची मुलं मोबाईलवर असतात. तुम्ही मोबाईलवर जा."

शाळेत मोबाईल आणायला सक्त मनाई आहे, अशी सूचना त्यांच्याच सहीनं त्यांच्याच मागे भिंतीवर लावलेली होती. तायडे सरांनी ती वाचली, मॅडमकडे पाहिलं आणि सोशल मीडियावर जाण्याची परवानगी मिळावी म्हणून अर्ज दिला.

त्यांची पहिली पोस्ट म्हणजे ग्रंथालयाचे अकरा नियम. फोटो तिरपा. दुसरी पोस्ट लोखंडी कपाट, समोरून. तिसरी तेच कपाट, बाजूनं. तिन्हींना मिळून एक लाईक, तो त्यांचाच. खोली गेल्यात जमा होती.

मग एका दिवशी त्यांनी रील केलं. करदोट्याच्या किल्लीनं कपाट उघडलं, एक खाकी पुस्तक काढलं आणि कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न पाहता वाचायला सुरुवात केली. एक माणूस दोराला धरून कोरड्या विहिरीत उतरतोय. अर्ध्यात पोचतो. वर कुणीतरी दोराची गाठ सोडायला लागतं. इथं सरांनी पुस्तक मिटलं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "पुढचं पान कपाटात हाये."

गाव हसून हसून बेजार. पोरं त्यांची नक्कल करून रील टाकू लागली. चहावाल्याचं दूध संपलं की तोही म्हणे, पुढचं पान कपाटात हाये. लाईकवर लाईक पडू लागले आणि तायडे सर पेचात पडले. रजिस्टरात एक रकाना असतो, 'मागणी चिठ्ठी क्रमांक'. एवढी मागणी आली, चिठ्ठी एकही नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी ठरवलं, की लाईक हीच मागणी चिठ्ठी.

त्या दिवसापासून ते प्रत्येक लाईक रजिस्टरात उतरवू लागले. पोरांनी खरी नावं कुठं ठेवलेली असतात? मग सर वर्गावर्गात जाऊन विचारत, "डेंजर किंग कोन हाये बे?" मागच्या बाकावरून, एका सदऱ्यात दोन मावतील एवढंसं एक पोरगं भीत भीत उभं राही. त्याच्या हातात पुस्तक पडे.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, लाईक म्हणजे फक्त आवडलं. पुस्तक पाहिजे असं नाही."

त्यांनी चष्मा काढला. "आवडलं तं मंग न्या ना जी. आवडलं म्हनून सोडून देते का कोनी?"

आधी पोरांनी भीतीनं पुस्तकं नेली, मग नेलीच आहेत तर काही जणांनी उघडली. विहिरीतल्या माणसाचं काय झालं हे ज्यांना कळलं, ते ज्यांना कळलं नव्हतं त्यांना छळू लागले. ऑक्टोबरपर्यंत मधल्या सुट्टीत ग्रंथालयासमोर रांग लागायला लागली. पोरं एकमेकांत चक्क क्रमांकात बोलत. खोली वाचली, असं आम्ही सगळे धरून चाललो.

दिवाळीच्या सुट्टीआधी राऊत मॅडमनी रजिस्टर मागवलं आणि मला बोलावून घेतलं. सर आधीच तिथं उभे होते.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "दर रविवारी एक नोंद. प्रणाली. इयत्तेच्या रकान्यात रेघ, हजेरी क्रमांकात रेघ. रविवारी शाळा असते का? आणि या नावाची मुलगी आपल्या पटावर आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"खोली वाचवायला खोटी नावं लिहून राहिले तायडे सर!"

नियम क्रमांक तीन तायडे सरांनीच ग्रंथालयाच्या दारावर रंगवून घेतला होता. पुस्तके शाळेच्या पटावरील विद्यार्थ्यांनाच मिळतील. खुद्द मॅडमच्या भाचीलाही त्यांनी एकदा परत पाठवलं होतं. आता ते आपल्या चपलांकडे बघत होते.

"सोमवारी कपाटं बाहेर काढायची," मॅडम म्हणाल्या.

व्हरांड्यात आल्यावर मला ते नाव आठवलं. प्रणाली माझ्याच वर्गात होती. गेल्या वर्षी जानेवारीत तिनं यायचं बंद केलं. आई आजारी पडली, घर मोर्शीला मामाकडे गेलं, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी हजेरीत तिच्या नावावर लाल शाईनं रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं.

सरांना विचारलं तर म्हणाले, "रविवारी साडेसातची मोर्शी गाडी हाये. याचं असन तं या."

रविवारी गेलो. गाडीभर ते मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले होते. पिशवीत पुस्तक असेल असं मला वाटलं. होतंच, पण सोबत रजिस्टर, शिक्का आणि शाईचं पॅडसुद्धा होतं.

"तिनं आईच्या फोनवरून लाईक केलं," गाडी गावाबाहेर पडल्यावर ते बोलू लागले. "मी तीन दिवस वर्गावर्गात नाव घेऊन इचारलं. कोनीच उभं नाही राह्यलं. मंग एका पोट्टीनं सांगतलं, थे तं शाळा सोडून गेली. आता मागणी तं नोंदवली होती ना जी. पुस्तक पोचलंच पाह्यजे."

मोर्शीला रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये बाया संत्री निवडत बसल्या होत्या. मोठी एका बाजूला, डागी दुसऱ्या बाजूला. त्यांच्यातून एक मुलगी ओढणीला हात पुसत उठून आली. सरांनी नमस्कार चमत्कार काही केला नाही. आधीचं पुस्तक घेतलं आणि पान न् पान तपासलं.

"एकशे चौऱ्याहत्तर पानावर डाग काहून हाये?"

"संत्र्याचा हाये, सर."

सरांनी पान नाकाला लावलं, खात्री केली आणि शेरा लिहिला, 'डाग: संत्रा'. मग पालथ्या क्रेटवर रजिस्टर ठेवून नव्या पुस्तकाची नोंद केली, शिक्का मारला, सही घेतली.

मग ती माझ्याकडे वळली. "सर, मले वळखलं का?"

"हो," मी म्हणालो. खरं म्हणजे नाव ओळखलं होतं, चेहरा नाही.

"सर, माही टी.सी. शाळेतच हाये. मले सतरा नंबरचा फॉर्म भरून भायेरून दहावी द्याची हाये. शुक्रवार शेवटची तारीख हाये. तायडे सरानं दोनदा अर्ज देला म्हने, पन कोन्या तरी सराची सही नाही झाली."

मी तायडे सरांकडे पाहिलं. ते शाईच्या पॅडचं झाकण लावत होते. ते कधीच लागत नव्हतं असं दिसलं, कारण ते बराच वेळ लावत राहिले. तिला हे माहीत नव्हतं की सही तिचा वर्गशिक्षक म्हणून माझीच लागत होती, आणि ते दोन्ही अर्ज माझ्या खालच्या खणात पंख्याच्या आणि चिमणीच्या अर्जांसोबत पडले आहेत. सरांना माहीत होतं. त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. एवढी लाज मला माझ्या नोकरीत कधी वाटली नव्हती.

सोमवारी मी सर्वांत आधी शाळेत पोचलो. खण उपसला. सही केली. ते कागद आणि सरांकडून मागून घेतलेलं संत्र्याच्या डागाचं पुस्तक घेऊन मॅडमसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, माझ्या खणासकट. मॅडम डागाच्या पानाकडे बघत बसल्या.

"पटावर नसलेल्या मुलीला पुस्तक देता येत नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"फॉर्म आपल्याच शाळेतून भरणार आहे ती."

"मग आपलीच झाली." त्यांनी टी.सी.वर सही केली, इयत्तेच्या रकान्यातल्या रेघांपुढे आपल्या हातानं 'दहावी, बहिःस्थ' लिहिलं, आणि डिजिटल वर्ग खेळाच्या सामानाच्या खोलीत करायला सांगितलं. गुरुवारी प्रणालीचा फॉर्म गेला.

त्या संध्याकाळी घरी तायडे सरांचं नवं रील आलं. मी चष्मा लावला, नीट बघून, चूक होणार नाही असा, लाईक दाबला.

सकाळी टेबलावर खाकी पुस्तक होतं आणि शेजारी रजिस्टर उघडून सर उभे होते. क्रमांक अठराशे चार. मी उघडून पाहिलं. एकशे चौऱ्याहत्तर पानावर संत्र्याचा डाग.

"वाचून झालं की एखाद्या रविवारी तुमीबी चाला जी," सर म्हणाले. "तिनं वाचलं, पन गोष्टीवर बोलाले तिले कोनी नाही."

मी सही करत होतो. ते रजिस्टरावर बोट ठेवून उभे होते.

"मलेबी नाही," ते म्हणाले, आणि माझ्या सहीवर शिक्का मारला.