लोणच्यावर बसलेली कोंबडी

आमच्या केडगावात आप्पा लहानथोर सगळ्यांना अरेतुरे करतात. फक्त कोंबडीला 'अहो' म्हणतात. "अहो, उठा, दाणे टाकलेत." मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "आमच्या हिची कोंबडी हाय ती. ही गेली म्हणून मान कमी करायचा व्हय?"

शेजारीण म्हणून आप्पांची तीन कामं माझ्या फ्रिजवरच्या यादीत कायमची आहेत. गोळ्यांची आठवण, गॅसचा नंबर आणि ऑनलाइन खरेदी. तिसरं खोडता आलं तर मी दोन वर्षं जास्त जगेन.

मार्चमध्ये एका सकाळी ते दारात उभे. "ताई, बदकाची अंडी मागव. चिऊ म्हनली, पिल्लं असली तर सुट्टीत येते."

चिऊ ही त्यांची चिंचवडची नात. गेल्या दोन सुट्ट्यांत ती फिरकली नव्हती.

"बाजारात बघा की, आप्पा."

"बाजारात न्हाईत. तुझ्या फोनमधी सगळं असतं."

दूध उतू चाललं होतं. 'बदकाची अंडी, सहा नग' एवढंच वाचून मी बटण दाबलं.

अंडी आली. हिरवट, राखाडी. खोक्यावर चिनी अक्षरं. "चिनी जात टणक असती," आप्पांनी निकाल दिला आणि अंडी खुडूक कोंबडीखाली सरकवली. "अहो, परकी हायत, पण सांभाळून घ्या."

बदकाचं पिल्लू अठ्ठावीस दिवसांनी बाहेर येतं, म्हणून मी कॅलेंडरवर तेवढे मोजून खूण केली.

दहाव्या दिवशी आप्पांनी अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं. जीव धरलेलं अंडं आतून काळं दिसतं. ही तर काळीकुट्ट! "सहाच्या सहा भरली गं!" म्हणत त्यांनी गल्लीत पेढे वाटले.

अठ्ठावीस झाले. तीस झाले. बत्तिसाव्या दिवशी आप्पांनी एक फोडलं. आत काळी जेली, मधोमध हिरवा बलक, आणि नाकात झिणझिण्या आणणारा वास. मी खोकी टाकत नाही. चष्मा लावून कोपऱ्यातलं बारीक इंग्रजी वाचलं. मुरवलेली अंडी. सोलून खावीत.

"आप्पा, हे लोणचं आहे."

आप्पांनी बोटभर चाखलं. "मीठ बरं हाय," एवढंच बोलले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चिऊ होती.

"व्हय गं, बसलीय आजून. बदकाला टाइम लागतो. तू ये तर."

फोन ठेवून ते माझ्याकडे बघेनात.

"मी पिल्लं विकत कुठं मिळतात ते बघते," मी म्हटलं.

"बघ."

मग खाली बसून त्यांनी उरलेली पाच अंडी पदराखाली सारावीत तशी हळूच कोंबडीखाली सारली.

"अहो, उठू नका. पोरगी येईस्तवर बसा."