वाडीतली एक वायर

आमच्या वाडीत काळाची पावलं ओळखणारा माणूस एकच आहे, आणि तो कोण हे मी स्वतःच्या तोंडानं सांगणार नाही. एवढंच सांगतो की तो कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, रोज मोटारसायकलवरून येतो-जातो आणि आत्ता ही हकीकत लिहितो आहे!

तर झालं काय, की मी घरातली केबल बंद करायचं ठरवलं. गेल्या दिवाळीत स्मार्ट टीव्ही घेतला होता. पण स्मार्ट टीव्ही घ्यायचा आणि त्याला केबलचा तो भाड्याचा बॉक्स लावायचा, म्हणजे नव्या ट्रॅक्टरला बैल जुंपण्यातला प्रकार! वारा सुटला की ऐन मॅचमध्ये चित्र गायब. रिमोटला रबर बांधलेलं. चॅनेल बदलायचा तर रिमोटवर आधी एक चापट मारायची. कंपनीतला माझा बिहारी जोडीदार तर मला हसायचा. "अरे पृथ्वी भाई, केबल कौन देखता है आजकल!"

झालं! पुढच्या साप्ताहिक सुट्टीला मी बेत पार पाडला. सकाळी सम्राटला बोलावून नेटची वायर घेतली. टीव्हीत चार ॲप टाकली. बॉक्स काढला, पुसला, पिशवीत घातला.

"रिकामा नगं धाडू रं कुणाच्या घरी," आई म्हणाली. माझी आई, सरूबाई. शेजारची वाटीसुद्धा तिनं कधी रिकामी परत केलेली नाही. तिनं बॉक्सवर ताजी वांगी ठेवली आणि मी निघालो.

इथं थोडं थांबून वाडीचा भूगोल सांगायला हवा. आमच्या विकास सोसायटीत पॅनल दोन. एक बाळासो मामांचं. त्यांचा मुलगा ईश्वर केबल चालवतो. दुसरं पोरांचं, म्हणजे सम्राटचं. सम्राट नेटची वायर देतो. त्यामुळं कोण कोणाचा हे आमच्याकडं विचारावं लागत नाही. घराच्या पत्र्यावर बघायचं! ईश्वरची काळी वायर असली की घर बाळासोंचं, सम्राटची पिवळी असली की सम्राटचं. पाहुणेसुद्धा आधी मान वर करून बघतात आणि मगच राजकारणावर बोलतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी स्पीड बघत होतो, पत्रा नाही.

ईश्वर घरी नव्हता. ओट्यावर बाळासो मामा दोघातिघांना घेऊन बसले होते.

"मामा, ईश्वरचा बॉक्स. आता लागत न्हाई."

मामांनी बॉक्सकडं बघितलं. मग वांग्यांकडं बघितलं.

"आबांनी धाडलाय?"

"घरचाच निर्णय हाय म्हना की."

"मग आता टीव्ही कशावर?"

"नेटवर! सम्राटचं घेतलं. मामा, स्पीड बघा तुमी!" आणि मी मोबाइल काढून त्यांना स्पीड दाखवला. नुसता दाखवला नाही, काटा कसा पळतो ते समजावलं. शेजारी बसलेल्यांनाही दाखवला. "तुमी पन घ्या, मामा!" असंही म्हणालो.

मामा म्हणाले, "बरं."

एवढंच. आमच्या प्लांटमध्ये खडखडणारी मशीन अशी एकदम गप्प झाली की आम्ही पळत सुटतो. तिथं मात्र मी चहा मागवला!

आता आबांचं सांगतो. माझे वडील, हौसराव. पंधरा वर्षं सोसायटीचे संचालक, पंधरा वर्षं बाळासो मामांच्या बाजूला बसलेले. आमच्याकडं चेअरमन वर्षाला बदलतो. मामा झाले, मामांचे भाऊ झाले, मामांचे मेहुणेही झाले, आणि दर वेळी आबांना सांगितलं गेलं, "आबा, पुढल्या येळंला तुमीच." ऑफिसात भिंतीवर चेअरमन लोकांच्या नावांची पाटी आहे. आबा तिथं गेले की ती पाटी वाचतात. सगळी नावं पाठ आहेत, तरी वाचतात. या वर्षी मात्र ठरलं होतं. शुक्रवारी निवड, मामा नाव सुचवणार, आबा चेअरमन! मी बॉक्स परत करत होतो तेव्हा आबा शिरूरला फेटा आणायला गेले होते. गेले आठ दिवस गोठ्यात उभे राहून ते भाषण म्हणत होते. म्हशीला पाठ झालं असेल.

संध्याकाळी घरात नुसता आनंद. आबांनी फेटा दाखवला, मी टीव्ही दाखवला. आईनं मालिकेचे सलग सहा भाग बघितले. सातव्याला टीव्ही थांबला आणि पडद्यावर अक्षरं आली.

"काय म्हनतोय गं?" आईनं माझ्या बायकोला, अपेक्षाला विचारलं.

"आई, तो विचारतोय, तुम्ही अजून बघताय का?"

"बघतीय की! डोळं मिटल्यात का माझं? घर माझं, टीव्ही माझा, आन् ह्यो कोन इचारनारा?"

"बटण दाबा, आई, म्हणजे पुढं जाईल."

"न्हाई दाबत! त्याला बघू दे किती दम हाय!"

दोघांनी बराच वेळ एकमेकांकडं बघितलं. शेवटी टीव्ही झोपला. आई जिंकली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. आबा सकाळी पारावर गेले आणि लगेच परत आले. बाळासो मामांना राम राम घातला तर मामांनी मान वळवली म्हणे.

"मानंत लचक भरली आसंल," मी म्हणालो. मी खरंच तसं समजलो होतो!

तेवढ्यात दारात मोटारसायकली थांबल्या. सम्राट आणि त्याची चार पोरं. हातात पेढ्यांचा बॉक्स. सम्राटनं वाकून आबांच्या पायांना हात लावला.

"आबा, तुमी आलात, लय बरं वाटलं!"

"कुठं आलो? मी घरातच हाय."

"आता लाजू नका, आबा. काल वायर घेतली तवाच आमी समजलो. शुक्रवारी आमी सगळे तुमच्या मागं." आणि त्यानं आबांच्या तोंडात पेढा कोंबला.

ते गेले. आबा तोंडात पेढा घेऊन अंगणात आले. मान वर करून त्यांनी पत्रा बघितला. पिवळी वायर उन्हात झेंडूच्या माळेसारखी चमकत होती.

"पिरथ्या, ही वायर कुनाची?"

"आबा, आयका. केबलचा जमाना गेला. ह्याच्यात—"

"कुनाची?"

"सम्राटची."

"आन् आपली कुठं गेली?"

"बॉक्स परत केला. मामांच्याच हातात दिला. वांगी पन दिली."

आबा पायरीवर बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पंधरा वरसं मी त्या मानसाच्या बाजूला तोंड मिटून बसलोय रं. एकदा तरी त्या पाटीवर नाव यावं म्हनून. तुला ही वायर शनिवारी घ्यायला काय झालं हुतं?"

चूक माझीच, हे कबूल करतो. पण ऑपरेटर माणूस बिघाडाला भीत नाही! ड्यूटीवरून सुटलो तो सरळ ईश्वरकडं गेलो.

"ईश्वर, बॉक्स परत दे."

"वडलांना इचारतो." तो आत गेला आणि बाहेर आला. "वडील म्हनत्यात, आधी ती पिवळी वायर खाली."

"आत्ता काढतो!"

घरी आलो, शिडी लावली, पत्र्यावर चढलो. सम्राटनं आमच्या भिंतीवर एक काळी डबी ठोकली होती. त्यातून वायरी निघत होत्या. आमची कोणती? आता प्लांटवर मी डोळे झाकून व्हॉल्व्ह ओळखतो; एक वायर ओळखू येणार नाही होय? मी सगळ्यात जाड दिसली ती धरली आणि ओढली.

ती आमची नव्हती. ती सगळ्या आळीची होती! पुढच्या सगळ्या घरांचं नेट त्या डबीतून जात होतं, हे मला सम्राटनं सांगितलं नव्हतं आणि मीही स्पीडच्या नादात विचारलं नव्हतं. त्यात क्रिकेटची मॅच चालू होती. शेवटची ओव्हर. आधी आळीतून एकदम शांतता आली. मग प्रत्येक घरातून एकेक माणूस बाहेर आला. सगळ्यांनी पिवळ्या वायरीवरून नजर फिरवत आणली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी पत्र्यावर उभा, हातात वायर.

"पृथ्वी! काय केलंस रं ह्ये?"

"मेंटेनन्स!" मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

पाच मिनिटांत सम्राट आला. "आबा, सकाळी पेढा खाल्ला आन् संध्याकाळी वायर तोडली? आमाला सरळ सांगायचं हुतं की!"

"आरं बाबा, मला काय ठाव न्हाई—" आबा अंगणात हात जोडून उभे. अंगणात आळीतली पंचवीस माणसं. सम्राट मधोमध. आणि नेमकं त्याच वेळी वचन पाळून स्वतःच बॉक्स परत द्यायला बाळासो मामा आले! त्यांनी कोपऱ्यावरून बघितलं. हौसरावांच्या अंगणात सम्राटचं अख्खं पॅनल जमलेलं. मामा तिथूनच मागं फिरले. मी पत्र्यावरून ओरडलो, "मामा! मामा, थांबा!" खाली सम्राट म्हणाला, "बघा! आमच्यासमोर मामांना हाका मारतोय!"

"तुम्ही खाली या," अपेक्षा म्हणाली. "आणि अजून काही दुरुस्त करू नका, अहो. हात जोडते!"

शुक्रवारी मी रजा टाकली. आबांना मोटारसायकलवर घेऊन सोसायटीत गेलो. फेटा त्यांनी बांधला होता. "आसू दे," म्हणाले, "आनलाय तर." मी बाहेर खिडकीशी उभा राहिलो.

आत निवडणूक अधिकारी म्हणाले, "चेअरमनपदासाठी नाव सुचवा."

बाळासो मामांनी छताकडं बघितलं. सम्राटनं फरशीकडं बघितलं. आबांनी पाटीकडं बघितलं. मामांना वाटत होतं आबा सम्राटचे झाले. सम्राटला वाटत होतं मामांचेच आहेत. आबांचं नाव काढायला कुणाची जीभ रेटेना, आणि दुसऱ्या पॅनलचं नाव तर कुणी घेणारच नव्हतं. अधिकाऱ्यांनी दोनदा घड्याळ बघितलं.

शेवटी मामा म्हणाले, "आपल्याला आसा मानूस पायजे की ज्याच्या घरावर कुनाचीच वायर न्हाई."

सगळ्यांनी एकदम मान वळवली. महिलांच्या जागेवरच्या संचालिका धुरपदाबाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं. आजवर मीटिंगमध्ये त्या फक्त चहाला "बिनसाखरेचा" एवढंच बोलल्या होत्या. त्यांच्या घरात टीव्हीच नव्हता. पत्रा कोरा करकरीत!

"माझं न्हाई म्हननं न्हाई," धुरपदाबाई म्हणाल्या.

"अनुमोदक?" अधिकाऱ्यांनी विचारलं. कुणी हलेना. मग आबांनी हात वर केला. फेटा सावरत, सावकाश. मला खिडकीतून बघवेना. माझ्या बापानं पंधरा वर्षं वाट बघून स्वतःच्याच खुर्चीला अनुमोदन दिलं, आणि कारण काय, तर मला मॅच अडखळलेली चालत नव्हती!

आम्ही घरी आलो. आबांनी फेटा खुंटीला अडकवला, पाणी प्याले आणि मग डोळे बारीक करून म्हणाले, "पिरथ्या, आपला जुना टीव्ही माळ्यावर हाय ना?"

"हाय."

"चालतो?"

"पळतो!"

"चेअरमन बाईंना नेऊन दे. आमच्याकडनं भेट म्हनून. आन् वायर आजच जोडून दे."

"कुनाची?"

"कुनाची का आसंना! पुढल्या वरसाच्या आत त्या पत्र्यावर वायर दिसली पायजे."

काय डोकं! पंधरा वर्षांचं राजकारण वाया गेलं नव्हतं. मी टीव्ही धुतल्यासारखा पुसला, चादरीत गुंडाळला आणि धुरपदाबाईंकडं घेऊन गेलो. त्या ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. समोर पाट्याला टेकवून ठेवलेला मोबाइल, आणि मोबाइलमध्ये आईचीच मालिका. आईच्या पाच भाग पुढं!

"काय आनलंस रं, पृथ्वी?"

"टीव्ही, मावशी. आबांनी धाडलाय. वायर पन जोडून देतो. कुनाची पायजे ते सांगा."

"वायर?" त्या हसल्या. सगळे दात शाबूत होते. "ती कशापायी? नातीनं ह्यो मोबाइल दिलाय. समदं ह्याच्यातच दिसतं. शेतात बघती, गोठ्यात बघती. वायर घेतली की घर कुनाचं त्ये दिसतं बाबा लोकांस्नी. ने त्यो टीव्ही माघारी. आन् ह्या शेंगा घेऊन जा आईला, रिकामा नगं जाऊ."

टीव्ही आणि शेंगा घेऊन मी परत आलो. आबा दारातच उभे होते.

"जोडली?"

मी सगळं सांगितलं. निवड झाल्या झाल्या सम्राट आपली डबी आणि वायर काढून घेऊन गेला होता; आबांनी मान वर करून तो कोरा झालेला पत्रा बघितला. मग त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला, आपला बटणांचा छोटा फोन काढला, त्याला गुंडाळलेला दोरा सोडला आणि माझ्या हातात दिला.

"ह्याच्यात त्ये समदं लावून दे मला. आजपासनं ह्या घरावर कुनाचीच वायर नगं."

मी फोन उलटासुलटा करून बघितला. त्यावर फक्त टॉर्च लागत होती. पाचाचं बटण तर केव्हाच गळून पडलेलं. पण त्या माणसाला त्या दिवशी आणखी एक 'नाही' ऐकवायची माझी छाती झाली नाही.

"लागंल, आबा," मी म्हणालो. "थोडा टाइम लागंल."

आबा आत गेले. मी अजून पायरीवरच बसलोय, फोन हातात घेऊन. तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा.